भाड्याच्या मोटारीनं कोकण

कोकणातून परत आल्यापासून धामणगाव बढ्यातला जो तो मला एकच प्रश्न विचारतो : तिकडे गेल्यावर मोटार भाड्यानं घ्यावी की नाही? समुद्र कसा होता, माणसं कशी होती, खायला काय मिळालं, याची कोणाला पंचाईत नाही. महाराष्ट्र झाला तेव्हा आमच्या बाजारात सभा झाली होती आणि एका पुढाऱ्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं की आजपासून समुद्र वऱ्हाडाचाही झाला. त्यानंतर तो पाहायला आमच्या घरून कोणी गेलं असेल तर आम्ही तिघंच. तेव्हा जे अजून गेलेले नाहीत आणि दुकानांच्या ओट्यांवर बसून नुसत्या मोटारीचा काथ्याकूट करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाचून झाल्यावर मला रस्त्यात थांबवू नये.

धामणगाव बढे

आम्ही तिघं म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनी आणि मी. दादाची शेती मोठी आहे, बाजारात सरकी-ढेपेचं दुकान आहे, आणि या दोन्हींपेक्षा त्याची मान ताठ आहे. मी मलकापूरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीत माझं मत विचारतात आणि विचारून झालं की बाजूला ठेवून देतात.

समुद्र पाहायला निघालो असं आम्ही गावात सांगितलं, ते खरं नव्हतं. दादाची एकुलती एक मुलगी कुसुम रत्नागिरीकडे एका खाडीकाठच्या गावी दिली आहे. दिली आहे म्हणजे ती आपली आपणच गेली. वसंत मास्तर आमच्या गावच्या शाळेत बदलून आले होते. बारीक आवाजाचे, भात खाणारे, सभ्य गृहस्थ. ना शेत, ना बैल. कुसुमनं त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा दादानं दुकानासमोर भर बाजाराच्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की त्या घराची पायरी मी जन्मात चढणार नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे माणूस रागाच्या भरात बोलला तर लोक तो राग आठवडाभरात विसरतात, बोललेलं मात्र जन्मभर लक्षात ठेवतात.

त्याला तीन वर्षं झाली. कुसुमची पत्रं येत, वहिनी ती माझ्याकडून वाचून घेई. दादा त्या वेळी शेजारच्या खोलीत खोकत असे, म्हणजे ऐकत असे. वहिनी पार सुकून गेली होती. तिला पोरीला भेटायचं होतं, आणि नुसतं एकटीनं नाही, बापाला घेऊन भेटायचं होतं. बाकी कशात तिचा जीव नव्हता.

शब्दही मोडायचा नाही आणि पोरगीही पाहायची, यावर दादानं वर्षभर डोकं चालवून एक तोड काढली. ती तोड म्हणजे मोटार. हवापालटासाठी म्हणून कोकणात जायचं, तिथं मोटार भाड्यानं घ्यायची, फिरत फिरत ती त्या गावात गेली तर गेली. घरापुढे मोटार उभी राहील, वहिनी आणि मी आत जाऊ, पोरगी बाहेर येऊन काचेतून बापाला भेटेल. तो स्वतः गाडीतून उतरणार नाही. पायरी चढायचा प्रश्नच येत नाही. ही युक्ती त्यानं मला इतक्या गंभीरपणे सांगितली की मला हसताही आलं नाही.

कोल्हापूर

मलकापूर ते कोल्हापूर हा रेल्वेचा प्रवास ज्याला हवा असेल त्यानं स्वतः करून पाहावा. मी तो पुन्हा करणार नाही आणि त्यावर लिहिणार तर मुळीच नाही.

कोल्हापुरात लोकांना आपल्या तिखटाचा मोठा अभिमान. खाणावळीच्या मालकानं रस्सा वाढताना जपून खा म्हणून आम्हाला सांगितलं. वहिनीनं एक भुरका मारला आणि पिशवीतून आमची ठेच्याची बाटली काढून त्यात दोन चमचे मिसळले. मालक नंतर आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. प्रवासातला एवढाच विजय आमच्या वाट्याला आला, म्हणून नमूद करून ठेवते.

मोटारीचा निकाल इथं लागला. माझं म्हणणं साधं होतं. कुसुमनं पत्रात लिहिलं होतं की एस.टी.नं खाडीपर्यंत या, पुढे होडीनं पलीकडे उतरा, धक्क्यावर घ्यायला येतो. ज्या गावाला जायला होडी लागते त्या गावाला मोटार घेऊन जाणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. दादाचं म्हणणं असं की होडी गरिबासाठी असते, मोटारीला कुठून तरी रस्ता असतोच. लॉजचा मालक एस.टी.च्या बाजूनं होता. मोटारवाला साहजिकच मोटारीच्या बाजूनं होता. त्याचं नाव बाबूराव, गाडी काळी ॲम्बॅसिडर, आणि घाटाखालचं समदं आपल्याला ठावं हाय असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. नंतर कळलं की तो घाट उतरून रत्नागिरीच्या बाजारपेठेपलीकडे कधी गेलाच नव्हता.

मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ची तीन तिकिटं काढून आणते असं म्हणून निघालेसुद्धा. तेव्हा वहिनीनं मला जिन्यात गाठलं.

"इंदूबाई, मोटार नसली तं हे येनार नाहीत," ती म्हणाली. "अन् हे नाही आले तं पोरगी मले पाहून रडन. मले तिले रडवाले नाही जाचं."

मी परत फिरले आणि मोटार ठरली. जगातल्या निम्म्या मोटारी असल्याच कारणांसाठी भाड्यानं घेतल्या जात असाव्यात आणि लोक उगाच निसर्गसौंदर्याचं नाव सांगत असावेत.

घाटाखाली

आंबा घाट फार सुंदर आहे असं म्हणतात. मी पाहिला नाही. दादा पुढे बसला होता आणि त्याच्या फेट्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. बाजूच्या खिडकीतून वहिनी ओकत होती. दुसऱ्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली होती. मागच्या डिकीत वहिनीनं कुसुमसाठी घेतलेलं ज्वारीचं पोतं होतं, कारण पोरगी तिकडे भातावर दिवस काढते या काळजीनं तिला झोप लागत नसे. प्रत्येक वळणावर ते पोतं इकडून तिकडे आदळे आणि दादा दचकून टायर फुटला का म्हणून विचारी.

रत्नागिरीत आम्ही दोन दिवस काढले. लॉजपासून समुद्र हाकेच्या अंतरावर होता. तिथवरही आम्ही मोटारीनं गेलो. किनाऱ्यावर दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे समुद्रापेक्षा आमच्याचकडे पाहायला जास्त लोक जमले. दादाला ते आवडलं हे मी खात्रीनं सांगते. बऱ्याच वेळानं तो उतरला, धोतर सावरून पाण्याच्या कडेला उभा राहिला, चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"इतकं पानी हाय, अन् याच्यानं एक एकर भिजत नाही," असं म्हणून तो गाडीत येऊन बसला. समुद्राबद्दल आमच्या घरातलं अधिकृत मत अजून तेच आहे. मला विचाराल तर, मला तो फार आवडला. पण मावळतीच्या रंगांवर मी लिहिणार नाही. ते ज्यांनी त्यांनी पाहावेत.

आंब्यांचंही तसंच. आमच्याकडे मे महिन्यात पंगत बसली की रसाची वाटी रिकामी राहू देत नाहीत. इथं हापूसच्या चार फोडी बशीत मांडून आणतात आणि समोर उभे राहून आपल्या चेहऱ्याकडे पाहतात. दादानं चारही फोडी एका दमात खाल्ल्या आणि आंबा केव्हा येणार म्हणून विचारलं. वाढणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. सोलकढी मात्र आमच्या मुलखात कोणी का करत नाही, हे मला कळत नाही.

दोन दिवस काढले ते समुद्रासाठी नव्हे. दादा टाळत होता. पहिल्या दिवशी गाडीला तेलपाणी करायचं निघालं, दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. खाडीचं नाव काढलं की तो बाबूरावला गाडी पुसायला सांगे. बाबूराव पुसून पुसून थकला. वहिनी लॉजच्या व्हरांड्यात भरून ठेवलेली पिशवी मांडीवर घेऊन बसून राही, एस.टी. स्टँडवर बसावं तशी. दुसऱ्या संध्याकाळी तिनं जेवायला नकार दिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दादा मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला.

खाडीच्या अलीकडे

तांबड्या धुळीच्या रस्त्यानं दुपारी आम्ही खाडीवर पोचलो. रस्ता तिथंच संपत होता. पलीकडे माडांची रांग, कौलारू घरं आणि शाळेचं लांबट छप्पर अगदी समोर दिसत होतं. त्या छपराकडे बोट करून वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. काठावर चिटपाखरू नव्हतं. एक होडी रेतीवर कलती पडली होती आणि तिच्या सावलीत कोणी तरी तोंडावर टॉवेल घेऊन झोपलं होतं.

आणि खाडीत पाणी नव्हतं. काळपट रेती पसरलेली, मध्ये गुडघाभर असेल नसेल अशी एक धार.

आमच्या मुलखातल्या माणसाला उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं दिसलं की तो काय करतो, हे तुम्हाला सांगायला नको. आपण त्यातून गाडी घालतो. बैलगाडी घालतो, जीप घालतो, पूल नसेल तिथं एस.टी.सुद्धा पात्रातून जाते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. जन्मभर आपण हेच केलेलं. दादानं काचेतून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पाय बे, पात्र कोरडं हाय. अन् म्हने होडी लागते. घाल गाडी."

बाबूरावनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. पण तोही घाटावरचाच. त्यानं गाडी घातली. मी गेली कित्येक वर्षं मुलींना भरती-ओहोटी शिकवते. फळ्यावर पृथ्वी काढते, चंद्र काढते, बाण दाखवते, परीक्षेत त्यावर प्रश्न घालते आणि ज्यांना येत नाही त्यांचे गुण कापते. त्या गाडीत बसून समोर ओहोटी पाहताना मला एक अक्षर आठवलं नाही. उलट बरं झालं, लवकर पोचू, असंच वाटलं. मला आता वर्गात उभं राहायची लाज वाटते.

मधल्या धारेच्या अलीकडे चाकं बसली. बाबूरावनं गाडी जितकी रेटली तितकी ती खाली गेली. आम्ही दोघी उतरलो तर पोटरीपर्यंत चिखल. माझी एक चप्पल तिथंच आहे. ढकलून उपयोग होईना. तेवढ्यात काठावरचा झोपलेला माणूस उठून बसला, आमच्याकडे पाहत राहिला आणि ओरडून म्हणाला की पाणी भरतंय, बाहेर या.

दादानं काच खाली करून वरच्या अंगाला, डोंगरांकडे पाहिलं. आमच्याकडे पूर येतो तो तिकडून येतो.

"आभाय तं कोरडं हाय," तो म्हणाला. "पानी कुठून येऊन राह्यलं?"

"खालून," मी म्हणाले. "समुद्रातून."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते सोडलं होतं. पण रेतीवरून पाण्याची पातळ जीभ उलट्या बाजूनं सरकत येत होती आणि थांबत नव्हती.

मग दोन्ही काठांवर माणसं जमली. पलीकडून एक होडी निघाली. तिच्यात चार-पाच जण होते आणि त्यात अर्धी चड्डी घातलेला, उघडा, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलेला एक किडकिडीत माणूस होता. तो वसंत मास्तर होता. त्यानं वहिनीला वाकून नमस्कार केला तेव्हा पाणी आमच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. वहिनी म्हणाली, आधी ज्वारी काढा. त्यानं वाद न घालता डिकी उघडून पोतं पाठीवर घेतलं आणि होडीत नेऊन टाकलं. गाडी ओढायचा प्रयत्न झाला, ती हलली नाही. शेवटी वाहून जाऊ नये म्हणून ती काठावरच्या खुंटाला दोरांनी बांधली. तिचं पुढचं इथंच सांगून टाकते : दुसऱ्या ओहोटीला बैल लावून ती काढली, दोन दिवस वाळवली आणि ट्रकमागे बांधून बाबूराव घाटावर घेऊन गेला. जाताना तो आमच्याशी बोलला नाही.

आता सगळे गाडीबाहेर होते, दादा सोडून. तो पुढच्या सीटवर बसून होता. पाणी दारातून आत शिरून त्याच्या पायांशी खेळत होतं. वसंत मास्तर खिडकीशी जाऊन उतरा म्हणाला. दादा समोरच्या काचेतून पलीकडच्या काठाकडे पाहत राहिला. बाबूरावनं विनवलं, मी ओरडले, लोकांनी हाका मारल्या. गाडीतून उतरणार नाही असं तो ठरवून आला होता आणि तो उतरत नव्हता. बाजारात मारलेल्या एका बढाईसाठी हा माणूस खाऱ्या पाण्यात बसून मरेल, असं मला खरंच वाटलं, आणि मला त्याची कीव आली नाही. राग आला.

वहिनी होडीत उभी होती. जन्मात ती नवऱ्याशी चार लोकांत बोललेली मी पाहिली नाही. तिनं पदर खोचला.

"बसा मंग तिथंच," ती म्हणाली. "म्या तुमच्यासाठी तीन वर्षं वाट पाह्यली. आता मी पोरीकडं चालली."

आणि तिनं होडीवाल्याला चल म्हणून सांगितलं. त्यानं दादाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि होडी सोडली.

खाडीच्या पलीकडे

मी वहिनीबरोबर गेले. अर्ध्या वाटेत मागे वळून पाहिलं, तर दादा गाडीतून उतरला होता. पाणी कमरेच्या वर होतं. फेटा सुटला होता. वसंत मास्तरनं त्याच्या काखेत हात घातला होता आणि दादानं तो झटकला नव्हता. दुसरी होडी त्यांच्याकडे निघाली होती.

धक्क्यावर कुसुम धावत आली. मायलेकींचं काय झालं ते लिहीत नाही. कुसुम अंगानं भरली होती, चांगली दिसत होती, आणि भातावर कोणी मरत नाही हे वहिनीला अखेर दिसलं. कुसुमचं सासर म्हणजे मातीच्या भिंतींचं, शेणानं सारवलेलं स्वच्छ घर, पुढे पडवी, आणि पडवीला चिऱ्याच्या चार पायऱ्या. तिच्या सासूबाईंनी आम्हाला गूळ-पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. दादाची प्रतिज्ञा त्यांना ठाऊक होती. त्या गावातल्या सगळ्यांनाच ती ठाऊक होती, हे मला त्यांच्या गप्प राहण्यावरून कळलं.

थोड्या वेळानं माणसं दादाला घेऊन आली. ती अंगणाच्या कुंपणाशी थांबली, आणि तो एकटा पुढे येऊन पायऱ्यांपाशी उभा राहिला. धोतर चिखलानं काळं झालेलं, डोकं उघडं, मिशांतून पाणी गळत होतं. चाळीस गावांत ज्याच्या शब्दाला मान आहे असं तो स्वतः सांगतो, तो माणूस बुजगावण्यासारखा दिसत होता. कोणी त्याला वर या म्हणेना. म्हणायचं कसं, हाच प्रश्न होता. वर या म्हटलं आणि तो नाही म्हणाला, तर सगळंच संपलं असतं. वहिनी खांबाला धरून उभी होती आणि तिचे ओठ नुसते हलत होते.

कुसुम आतून दारात आली. दादानं मान वर केली.

"गाडी बुडाली वं माय," तो म्हणाला. "आता मी बसू कुठं?"

कुसुम पायऱ्या उतरली, सगळ्यात खालच्या पायरीवर बसली आणि शेजारची जागा तिनं पदरानं पुसली. दादा क्षणभर त्या जागेकडे पाहत राहिला. मग तो तिच्याजवळ बसला आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडला.